गाडी जुनी, चाके कोणती?

शर्यतीची मोटार म्हटले की बसक्या अंगाची, दोन माणसांची, जमिनीला जवळजवळ पोट लावून धावणारी एक चकचकीत गाडी डोळ्यांपुढे उभी राहते. अशी गाडी कोणी हौसेने चंद्रपुरास आणलीच, तर जटपुरा वेशीतून ती मोठ्या दिमाखात बाहेर पडेल आणि पुढच्या पहिल्याच गतिरोधकावर अडकून बसेल. म्हणून त्या गाडीचा विचार आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. परंतु एवढ्यावरून आपल्या मुलखाला वेगाची हौस नाही असे मात्र कोणी समजू नये. झाडीपट्टीतला शंकरपट ही शर्यत नव्हे तर दुसरे काय आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मिळाली, मे २०२३ च्या निकालाने ती पक्की झाली, आणि पटाच्या दिवशी गावोगाव लोटणारी गर्दी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पटाचा छकडा आणि ओझ्याची बंडी यांत काय फरक असतो, हे खेड्यातले पोरही सांगेल. छकड्यात अनावश्यक असे काही ठेवीत नाहीत. बंडीत मजबुतीपुढे वजनाची पर्वा करीत नाहीत. आणि पाहुण्यांना आणावयाच्या रेंगीची गोष्ट आणखी निराळी. काम बदलले की चाक बदलते. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. पण मोटारीपाशी आल्यावर शहाणी माणसेदेखील ते विसरतात, म्हणून ते विस्ताराने सांगणे प्राप्त आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांतील हौशी गाडी म्हणजे जीप किंवा जिप्सी. मारुतीची जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि २०१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकासाठी तिचे उत्पादन थांबले. साधारण हजार किलो वजनाची, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना ताकद देता येणारी ही उघडी गाडी ताडोब्याच्या वाटांवर इतकी रुळली की पर्यटकांना वाघ आणि जिप्सी एकाच छायाचित्रात हवे असतात. नवी मिळत नाही म्हटल्यावर जुनीला भाव आला. मोहर्ली, कोलारा यांसारख्या दरवाज्यांच्या आसपास राहणारा एखादा तरुण घरच्यांची जमवाजमव आणि थोडे कर्ज अशा आधारावर जुनी जिप्सी घेतो, आणि गाडी दारात आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चाके कोणती टाकू?’ या ‘कोणती’चा अर्थ बहुधा ‘कोणती शोभतील’ असा असतो. हातात उरलेले पैसे थोडे असतात. ते रुंद टायरांत आणि चमकत्या अलॉय चाकांत घालावेत, की आणखी कशात? या गाडीत रोज सकाळी सहा पाहुणे, एक वाटाड्या आणि स्वतः चालक अशी आठ माणसे बसणार आहेत. तीच गाडी गडचिरोलीकडे असली, तर पावसाळ्याच्या रात्री एखाद्या बाळंतिणीला घेऊन ती दवाखान्याच्या वाटेला लागणार आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

आधी चाक म्हणजे काय ते पाहू. आणि त्यासाठी बंडीकडेच जाऊ. लाकडी चाकाला मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना पुठ्ठे, आणि त्या सर्वांना बाहेरून कवटाळणारी लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. टायरसाठी आपल्या भाषेत हा इतका सुंदर शब्द असताना आपण तो बंडीबरोबर अडगळीत टाकला, याचे आम्हांला नेहमी वाईट वाटते. लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतो. ती गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवितात. चार मीटर घेराची पट्टी पाचशे अंशांनी तापली की जवळजवळ अडीच सेंटिमीटर वाढते. तेवढ्या अवधीत ती चाकावर चढवावयाची आणि वरून पाणी ओतावयाचे. धूर निघतो, लोखंड आकसते, आणि सुटे सुटे लाकूड एकजीव होऊन करकचून बसते. एकही खिळा न मारता सगळे चाक आवळले जाते. आपल्या वैशाखात मात्र लाकूड सुकून आत ओढले जाते, धाव ढिली पडते, आणि मग गाडीवान चाके ओली करून ठेवतो. चाक विकत घेतले म्हणजे काम संपले, असे त्याने कधीच मानले नाही. हवापाणी पाहून चाक सांभाळावे लागते, हे तो जाणून होता.

लोखंडी धावेत एकच उणीव होती. जमिनीचा प्रत्येक दगड ती गाडीला जसाच्या तसा कळवीत असे. गुडइयरने १८३९ साली गंधक घालून तापविलेले रबर टिकाऊ होते हे शोधून काढले, थॉमसनने १८४५ साली हवेच्या चाकाचे पहिले पेटंट घेतले, आणि ते लोक विसरून गेल्यावर डनलॉपने १८८८ साली बेलफास्टला तीच कल्पना पुन्हा जन्मास घातली. तेव्हापासून गाडी रबरावर नव्हे, हवेवर चालते. रबर ही फक्त त्या हवेची पिशवी आहे. पिशवीचे कौतुक सगळे करतात. हवेची आठवण कोणाला होत नाही.

या हवेचा हिशेब मनोरंजक आहे. आपली जिप्सी आठ माणसांसह सुमारे दीड हजार किलो भरली असे धरू. प्रत्येक चाकावर पावणेचारशे किलो आले. टायरात सव्वीस पौंड हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ती जवळपास एक किलो आठशे ग्रॅम भार तोलते. भागाकार केला की उत्तर येते सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या पंजाहून थोडी मोठी जागा. अशा चार पंजांवर ही सगळी गाडी उभी असते. वळणे तिथे होते, थांबणे तिथे होते, आणि समोर अचानक रानडुकरांचा कळप आला तर आठ जणांचे दैवही तिथेच ठरते. इंजिन कितीही उत्तम असो, ब्रेक कितीही नवे असोत, त्यांचा हुकूम जमिनीपर्यंत पोहोचावयाचा तो या चार पंजांतूनच. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर पहिला पैसा रंगावर, बैठकींवर किंवा दिव्यांवर न घालता टायरांवर घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि तोही टायरांच्या रूपावर नव्हे, वयावर.

टायरला वय असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्या अंगावर, लांबट खोबणीत, चार आकडे कोरलेले असतात. समजा ‘२३१९’ असे असेल, तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले. जुनी गाडी विकणारा मनुष्य टायरच्या खाचा दाखवितो, ‘पाहा, अजून गुलाबी आहे’ म्हणतो. खाचा खोल असतीलही. गाडी चार वर्षे शेडमध्ये उभी असेल तर त्या झिजणार कशा? पण रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. ऊन आणि हवेतील ओझोन त्याला कडक करतात, बाजूच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनी, दिसावयास कसेही असो, काढून टाकावे, असे टायर बनविणारेच सांगतात. तेही युरोपातल्या थंड हवेतले मोठे कारखानदार सांगतात. ज्या गावाचा पारा मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांना टेकतो, तिथल्या माणसाने या मुदतीतून स्वतःच्या मनाने काहीतरी वजा करावे हे बरे.

खाचांचेही एक गणित आहे. त्यांच्या तळाशी ठिकठिकाणी लहान उंचवटे असतात. झिजून टायर त्यांच्या पातळीला आले की ते संपले. चारचाकीसाठी कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. गोटा झालेल्या टायरवर कोरड्या डांबरी रस्त्याला काही कळत नाही, आणि म्हणूनच मनुष्य फसतो. मृगाची पहिली सर आली, रस्त्यावरची धूळ आणि तेल भिजून साबण झाला, की गाडी चालकाचे ऐकेनाशी होते. पाण्याला बाहेर पडावयाला वाट हवी. खाच ही ती वाट आहे.

जुनी गाडी पाहावयास गेलात तर टायरांची झीज कशी झाली आहे ते अवश्य पाहा. मागच्या मालकाची ती रोजनिशीच असते. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, म्हणजे तो हवा कमी ठेवीत असे. मध्य झिजला, तर जास्त. एकच कड झिजली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे, कदाचित गाडी कुठे आदळली आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉकअब्सॉर्बर गेले. बाजूच्या भिंतीवर फुगा आलेला दिसला तर पुढे काही विचारू नये. आतली दोऱ्यांची वीण तुटलेली असते, आणि ते टायर कधी फुटेल याला मुहूर्त लागत नाही. आपल्या रानांत हे फार होते. बांबू तोडल्यावर जमिनीत राहिलेला तिरका खुंट भाल्यासारखा असतो. तो खाचेच्या जाड रबरात नव्हे, बाजूच्या पातळ भिंतीत शिरतो, आणि त्या जखमेला पंक्चरवाल्याकडे औषध नाही.

आता आकाराकडे वळू. जिप्सीच्या नंतरच्या, ‘किंग’ नावाच्या नमुन्याला २०५/७० आर १५ हे टायर येत असे. पहिला आकडा मिलिमीटरांत रुंदी. दुसरा आकडा उंचीचा, पण तो मिलिमीटरांत नाही. रुंदीच्या शंभर भागांपैकी सत्तर भाग उंची, असा त्याचा अर्थ. ‘आर’ म्हणजे रेडियल, ज्यातल्या दोऱ्या कडेपासून कडेपर्यंत सरळ आडव्या जातात; ही रीत फ्रान्सच्या मिशेलिनने १९४६ साली काढली. शेवटचा पंधरा हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच अशी तीन मापे नांदतात. याच्यापुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते. उदाहरणार्थ ‘९६ एस’. शहाण्णव हा किलोंचा आकडा नसून कोष्टकातला क्रमांक आहे, त्याचा अर्थ एका टायरवर सातशे दहा किलो. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. आपल्याला वेगाच्या अक्षराशी फारसे कर्तव्य नाही. भाराच्या क्रमांकाशी मात्र आहे, आणि गिऱ्हाईक नेमके त्याच्याकडेच पाहत नाही. मूळ टायरपेक्षा कमी क्रमांकाचे टायर स्वस्त मिळते म्हणून घेणे म्हणजे खोंडाला नांगराला जुंपण्यासारखे आहे.

समजा, आपल्या तरुणाला रुंद आणि उंच टायर हवे आहे. त्याला २३५/७५ आर १५ आवडले. मूळ टायरचा व्यास करून पाहा : ६६८ मिलिमीटर. नव्याचा : ७३३. म्हणजे जवळजवळ दहा टक्के मोठे. याचा पहिला परिणाम असा की, काटा साठ दाखवील तेव्हा गाडी सहासष्टने पळत असेल. दुसरा परिणाम अधिक वाईट. चाक मोठे झाले म्हणजे तोच ब्रेक लांब दांड्याच्या टोकाशी झगडतो. पायाचा दाब तोच, पण जमिनीवर उमटणारी रोधाची ताकद दहावा हिस्सा कमी. इंजिनचेही तसेच. चढावर पहिल्या गियरमध्ये जी गाडी निमूट चढत असे, ती कण्हू लागते, क्लच जळतो, पेट्रोल जास्त लागते. त्यातून पुढची चाके पूर्ण वळविली की टायर मडगार्डला किंवा स्प्रिंगच्या पाट्यांना घासते. मग मडगार्ड कापतात, स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी उंच करतात, उंच केलेली गाडी वळणावर कलते. एका हौसेपायी पाच दुरुस्त्या मागे लागतात. थोडा उंचपणा हवाच असेल तर १९५/८० आर १५ हा आकार पाहावा. २०२३ साली आलेल्या जिम्नीला तोच आहे. त्याचा व्यास ६९३, म्हणजे मूळपेक्षा चार टक्क्यांच्या आतच मोठा, आणि रुंदी उलट किंचित कमी. अर्थात याही बाबतीत गाडीच्या नमुन्याला बनविणाऱ्याने कोणते आकार मान्य केले आहेत ते आधी पाहावे.

आणखी एक सावधगिरी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाची आणि शक्यतो सारख्या झिजेची हवीत. जिप्सीत किंवा जुन्या जिपेत फोर-व्हील टाकले की पुढचा आणि मागचा दांडा एकाच गतीने फिरण्यास बांधला जातो. पुढे लहान आणि मागे मोठे टायर असेल, तर जोडीतला एक बैल लांब पावलाचा आणि दुसरा आखूड पावलाचा असावा तशी गत होते. दोघेही जू ओढतात, पण एकमेकांविरुद्ध. हा ताण चिखलात घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर मात्र गियरबॉक्सच्या पोटात साठतो. दोन नवी आणि दोन जुनी टायर असा संसार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रुंद टायरचा मोह मात्र सहजासहजी सुटत नाही, म्हणून मातीबद्दल दोन शब्द बोलतो. रुंद टायर चिखलात चांगले, अशी एक सरसकट समजूत आहे. चिखल कोणता, हे कोणी विचारीत नाही. वरोरा-भद्रावतीकडची काळी, कापसाची माती ओली झाली की टायरला लपेटते, खाचा भरून टाकते, आणि दोन फेऱ्यांत उत्तमोत्तम टायरचा गुळगुळीत गोळा होतो. तिथे खाचा मोकळ्या, दूर दूर आणि खोल असतील तरच फिरता फिरता माती झटकली जाते. पूर्वेकडे धानाच्या मुलखात, कुरखेडा-धानोऱ्याच्या बाजूला, वर चिखल असतो पण पुष्कळ ठिकाणी त्याखाली घट्ट मुरूम लागतो. तिथे अरुंद टायर वरचा चिखल कापून खाली टणक जमिनीला भिडते. रुंद टायर चिखलावर तरंगत आडवे सरकते. वैनगंगेच्या किंवा प्राणहितेच्या पात्रातील वाळूत याच्या उलट : तिथे पसरट पाऊल हवे. पण त्यासाठी रुंद टायर घ्यावयाचे कारण नाही. हवा सोळा-अठरा पौंडांपर्यंत उतरविली की तेच टायर पसरते, आणि वाळू ओलांडल्यावर पुन्हा भरावी लागते. ट्यूबचे टायर असेल तर फार उतरवू नये, नाहीतर टायर रिमवर सरकते आणि व्हॉल्व्ह मुळासकट उपटून येतो. ताडोब्याच्या वाटा बहुतेक मुरमाच्या आणि पावसाळ्यात गाभा बंदच. तिथे फिरणाऱ्या गाडीला चिखलाचे राकट टायर हवे कशाला? ते डांबरी रस्त्यावर घोंघावते, लवकर झिजते, ओल्या डांबरावर कमी पकडते. आणि पाहुण्याला सांबराची धोक्याची हाक ऐकावयाची असते तेव्हा गाडीच भुणभुणत असते. मधल्या जातीचे, बाजारात ज्याला ‘ए.टी.’ म्हणतात ते टायर, आपल्या बहुतेक गाड्यांना पुरे आहे.

आता रिम. लोखंडी की अलॉय? अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचे मिश्रण. चांगल्या कारखान्याचे अलॉय चाक बहुधा हलके असते, आणि स्प्रिंगखालचे वजन कमी झाले की चाक जमिनीला अधिक चिकटून चालते. शर्यतीच्या मोटारीला ते म्हणूनच लावतात. हे सर्व खरे आहे. पण ती मोटार गुळगुळीत मार्गावर धावते आणि तिच्या दिमतीला माणसे उभी असतात. आपल्याकडे खड्ड्यात आदळून लोखंडी रिम वाकली, तर एटापल्ली-आलापल्लीच्या वाटेवरचा कारागीरही हातोड्याने कड सरळ करून देतो आणि गाडी घरी येते. अलॉयला तडा गेला की हातोडा चालत नाही. लोहखनिजाच्या आणि कोळशाच्या अवजड ट्रकांखाली चुरा झालेले रस्ते ज्याच्या वाट्याला आहेत, त्याने लोखंडी रिम ठेवावी आणि तिला वाटल्यास रंग द्यावा. शोभेसाठी तेवढे पुरे.

जुन्या बाजारात आणखी एक भूल पडते. जिप्सीच्या चाकाला पाच बोल्ट असतात आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. महायुद्धातली विलीज जीप आणि तिच्या वंशातल्या महिंद्रच्या जुन्या जिपा यांचे मापही तेच. त्यामुळे एकाचे चाक दुसऱ्याला चढते. भंगारवाला ‘बसले की नाही साहेब!’ म्हणून टाळी देतो. परंतु बोल्ट बसले म्हणजे चाक बसले असे नव्हे. मधले भोक तुंब्यावर घट्ट बसले पाहिजे, नटांचा उतार रिमच्या उताराशी जुळला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे चाक किती आत आणि किती बाहेर उभे राहते ते मूळच्या जवळ पाहिजे. गाडी रुंद आणि रुबाबदार दिसावी म्हणून चाके बाहेर काढणारे, त्यासाठी मध्ये चकत्या घालणारे लोक आहेत. पाण्याने भरलेली घागर कमरेवर धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा. बेअरिंगवर काय प्रसंग ओढवतो ते कळेल. दुसरी कोणतीही चाके लावली तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून पाहावेत. ट्यूबलेस टायर लावावयाचे असेल तर रिमच्या कडेजवळ टायर धरून ठेवणारा उंचवटा आहे ना, याची खात्री करावी. जुन्या साध्या रिमवर ते चढते खरे, पण वळणावर हवा कम झाली की सुटूही शकते.

हवेचा विषय निघालाच आहे, तर आमच्या भागातील एका दृढ समजुतीला हात घालणे भाग आहे. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटते.’ हे आपण बापजाद्यांपासून ऐकत आलो. दिसावयास ते तर्काला धरून आहे. तापमान दहा अंश वाढले की टायरातला दाब सुमारे दीड पौंड वाढतो. पण ही वाढ बनविणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. टायर फुटते ते बहुधा जास्त हवेने नव्हे, कमी हवेने. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत दबते, उलगडते, पुन्हा दबते. तार सारखी वाकवीत राहिलो तर ती जशी तापते तशी ती भिंत तापते. वर सूर्य, खाली पोळलेले डांबर, आत हे घर्षण, आणि गाडीत आठ माणसे. मूल-चंद्रपूर रस्त्यावर दुपारी दोन वाजता अशा टायरने दगा दिला तर दोष उन्हाला देऊ नये. हवा सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, गार टायरात मोजावी. बनविणाऱ्याने सांगितली तेवढी ठेवावी. आणि तापलेल्या टायरातली वाढलेली हवा कधीही सोडू नये. त्यासाठी स्वतःचा लहानसा दाबमापक जवळ ठेवावा. जुन्या गाडीवर करावयाच्या खर्चांत इतका स्वस्त आणि इतका गुणकारी खर्च दुसरा नाही. नायट्रोजन भरणारे दुकानदार मोठ्या गोष्टी सांगतात. साध्या हवेतच अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

हौसेच्या इतर वस्तूंबद्दल थोडक्यात सांगतो. पुढचे लोखंडी कठडे, ज्यांना बुलबार म्हणतात, ते केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरविले, आणि ते योग्यच झाले. धक्का गाडीच्या चेसिसपर्यंत नेण्याचे आणि समोरच्या पादचाऱ्याची हाडे मोडण्याचे काम ते चोख करतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत मूळ नोंदीला न जुळणारे बदल करता येत नाहीत; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावले. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा मनुष्य आधी टायरचे माप आणि चाकांची ठेवण पाहतो, हेही लक्षात असू द्या. प्रखर दिव्यांच्या माळा लावून रात्री जंगलरस्त्याने भरधाव जाणारे आहेत. चितळ दिव्याने दिपून रस्त्यातच उभे राहते, म्हणून तिथे दिवा वाढविण्याऐवजी वेग उतरविणे हाच उपाय आहे. पैसे उरलेच तर मागच्या बैठकींना चांगले पट्टे बसवावेत आणि चिखलपट्ट्या लावाव्यात. ओढावयाचा मजबूत दोर ठेवावा. यांतले काही छायाचित्रात दिसत नाही, ही त्यांची अडचण.

आणि स्टेपनी. टायरातला दाब दाखविणारे यंत्र आणि पंक्चर काढण्याचा संच असेल, तर ट्यूबलेस टायरांच्या मोटारीला स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम २०२० साली झाला. शहरासाठी तो ठीक असेल. भामरागडच्या वाटेवर, जिथे पर्लकोटेला पूर आला की गाव जगापासून तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत, तिथे बांबूच्या खुंटाने फाडलेली भिंत त्या संचाने सांधली जात नाही. त्या बाजूला जाणाऱ्याने एक नव्हे, जमल्यास दोन स्टेपन्या ठेवाव्यात, आणि त्या चालत्या टायरांच्याच मापाच्या असाव्यात. सकाळी चार चाकांची हवा पाहताना पाचव्याचीही पाहावी. आम्ही पाहिलेल्या पुष्कळ गाड्यांत ती शोभेपुरती टांगलेली आणि निम्मी रिकामी असते. नट खोलण्याचा पाना लांब दांड्याचा घ्यावा. जॅकबरोबर सागाच्या जाड फळीचा हातभर तुकडा गाडीत कायमचा टाकून ठेवावा, कारण भिजलेल्या मातीत जॅक गाडीला वर उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो.